शंभराला साडेतीन

मोमीनपुऱ्यात इद्रीसनं पंधराची चाकं
ओट्यावर आडवी ठेवली, म्हणाला, हात लावून पाहा काका.
मे महिना. हात लावला आणि काढला.

गाडी फियाटची वॅगन. बदामी.
मागे एक खोली वाढवल्यासारखी लांब.
त्या खोलीत मी एकवीस वर्षं वजनं वाहिली,
पितळी मानक मखमलीच्या पेटीत,
लोखंडी, वीस-वीस किलोची, गोणपाटावर.
इतवारी, कॉटन मार्केट, उमरेड, रामटेक.
तराजू दिसला की मी उतरायचो
आणि चहा नको म्हणायचो.
मागचे पाटे बसले ते तेव्हापासून.
आता फेटरीच्या गतिरोधकावर पोट घासतं,
आणि चौदाचे ते अरुंद टायर
बनवायचेच बंद झालेत म्हणे.

"एकशे पंच्याण्णव, पासष्ट, पंधरा," इद्रीस म्हणाला.
"गाडी उभी राहीन पाहा, कोंबड्यावानी."
मडगार्डात घासेल.
"कड आत ठोकून देतो ना बाप्पा! काहून एवढा विचार करता?"

मी खडू मागितला.

जुन्या टायरवर रेघ, जमिनीवर रेघ,
त्याच्या पोट्ट्यानं गाडी ढकलली, एक फेरा,
दुसरी रेघ. टेप लावली:
एकशे ब्याण्णव सेंटिमीटर.
नवीन चाक चढवून पुन्हा:
एकशे नव्याण्णव.

सात.

मीटर फेरे मोजतो, रस्ता नाही.
त्याला कोणी सांगणार नाही पाय लांबलेत ते.
तो साठ म्हणेल तेव्हा मी बासष्टनं जात असेन.
शंभराला साडेतीन, वर थोडं.
एवढ्या फरकावर मी माणसांचे काटे जप्त केलेत,
पंचनाम्यावर त्यांच्याच गिऱ्हाइकांच्या सह्या घेऊन.
"मीटरची गिअर बदलून भेटते," इद्रीस म्हणाला,
"पण कोण करते हो ते."

चौदाचे कुठून तरी जुने मिळाले असते.
पातळ पंधराही होते, फरक निम्म्यावर आला असता.
मी जाड घेतले.
का, ते बेबीनंदानं विचारलं नाही.
ती नुसती बसली आणि म्हणाली,
आता चढताना साडी उचलावी लागते.

स्टिअरिंग जड झालंय.
जागेवर वळवताना दंडात कळ येते.
पूर्ण उजवीकडे कापलं की आतून खर्र आवाज येतो,
इद्रीसनं ठोकूनही.
पण गिट्टीखदान सोडल्यावर
गाडी जी रस्त्यावर बसली,
की मी बराच वेळ काही बोललो नाही.

काटोलला वैजू असते.
तिचे सासरे शेषराव चरडे, किराणा आणि तेल.
त्यांचा काटा मीच सील केला होता.
लग्न ठरायच्या आधी, असं मी सांगतो.
बेबीनंदा म्हणते, ठरल्यावर.
तारीख पंचनाम्यात असेल,
पंचनामा ऑफिसच्या कुठल्यातरी कपाटात.
त्यानंतर नऊ वर्षं
बेबीनंदा एसटीनं जाते, एकटी,
येताना लोणचं आणते, माझं नाव न घेता दिलेलं.

फेटरीचा गतिरोधक आला.
घासलं नाही.
ती माझ्याकडे पाहून खिडकीकडे वळली.

दुकान तेच. काटा आता इलेक्ट्रॉनिक.
शेषराव बाहेर आले, लुंगीवर, हातात गुळाचा खडा,
माझ्याकडे नाही, चाकांकडे पाहिलं.
वाकले. बोट कडेवरून फिरवलं.
एक लाथ मारून पाहिली, हळू,
बैल घेताना मारतात तशी.

"मोठे टाकले."
हो.
"किती भरलं नागपूरवरून?"

मीटर समोर होता.
"अठ्ठावन्न," मी म्हणालो.

ते महिन्यातून दोनदा माल भरायला नागपूरला येतात, चाळीस वर्षं.
साठ आहे हे त्यांच्या ड्रायव्हरच्या पोरालाही माहीत आहे.
त्यांनी गुळाचा खडा या हातातून त्या हातात घेतला,
अंदाजानं, तोलल्यासारखा.

"चालते," म्हणाले.
आणि आत वळून ओरडले, चहा टाका.